पिच्चरचा ऊस

ट्रॉल्या सुरू झाल्या. बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आता चार महिने उसाचंच राज्य. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांच्यातून कडेला झुकलेल्या मोळ्या, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढ्या मोठ्यानं गाणी की मागच्यानं हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखवून घ्यावा, तरी त्याला पत्ताच नसतो. डांबरावर चुरडलेली कांडकी, शेंड्यांचं वाडं, माश्या. सणसर जवळ आलं की मळीचा आंबूस-गोड वास नाकात शिरतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्ही त्यांना हसतो. मला तो वास लहानपणापासून आवडायचा. गेल्या हंगामापासून तो आला की मी एस.टी.ची खिडकी लावून घेतो.

तसा माझा आणि उसाचा संबंध चहातल्या साखरेपुरता. आमचं बारामतीत बांगड्यांचं दुकान. आम्ही मनेर. आजोबांनी बांगड्या भरल्या, अब्बांनी भरल्या, आता मी भरतो. दिवसभर बायकांच्या हातांची मापं बघायची, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, आणि दुपारी बाजार थंड पडला की काउंटरमागं वही उघडून पटकथा लिहायची. हे दुसरं काम मी होता होईल तो कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठला पिच्चर आला तुमचा?" एकही नाही आला, बाबांनो. नऊ वर्षं, सहा पटकथा, आणि आलेली उत्तरं एका हाताच्या बोटांवर मावतील एवढी. एकानं कळवलं, छान आहे, यात एखादा खून घालता येईल का? दुसऱ्यानं कळवलं, नायिका जरा तरुण करा. माझी नायिका बावीस वर्षांची होती! बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही.

वाट बघायचीसुद्धा एक रीत असते, ती हळूहळू अंगवळणी पडते. पहिल्या आठवड्यात फोन कायम शर्टाच्या खिशात. अंघोळीला जाताना बाहेर खुंटीवर, पण आवाज मोठा करून. दुसऱ्या आठवड्यात त्या माणसाचा शेवटचा मेसेज काढून पुन्हा पुन्हा वाचायचा. 'वाचतो आणि कळवतो.' एवढ्याशा वाक्यात त्याच्या मनातलं काय काय दिसतंय ते शोधत बसायचं. आपल्या मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटलेल्या असतात. म्हणजे बघितलंय की! मग? महिना उलटला की नुसतं 'नमस्कार सर' लिहायला अर्धा तास लागतो. फार लाचार वाटायला नको, फार ताठही नको. सणावाराला शुभेच्छा पाठवायच्या, तेवढीच आठवण. माझ्याइतक्या मनापासून पाडव्याच्या शुभेच्छा त्या निर्मात्यांना त्यांच्या सख्ख्या भावांनीही दिल्या नसतील. नसीम, माझी बायको, एकदा म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझी एवढी विचारपूस केली असती, तर मी हवेतच चालले असते." मी हसलो. दुसरं काय करणार?

सहावी पटकथा अम्मीची, म्हणजे माझ्या आईची. दुकानात अब्बा बसायचे आणि अम्मी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन खेड्यांत जायची. कऱ्हाटी, मोरगाव, सणसर. वार ठरलेले, एस.टी. ठरलेली. सणसरला तिची जिवाभावाची मैत्रीण होती, हौसाकाकू. दोघी एका वयाच्या, दोघी एकाच साली लग्न होऊन आलेल्या. काकूंच्या सासूला सुनेनं दारात बसून खिदळलेलं खपायचं नाही. म्हणून काकू बांगड्या भरायच्या निमित्तानं अम्मीला घेऊन कालव्याकडच्या उसात जायच्या. डोक्याच्या वर दोन हात वाढलेला ऊस, मधल्या सरीत पाचटावर बसलेल्या दोघी. तासभर तरी बसायच्या. काकूंचे मालक, किसनतात्या, तिथंच पाण्याची दारं धरत असायचे. त्यांना नुसतं हसणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. कधी हसणं मधेच थांबायचं आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

काकू जाऊन अकरा वर्षं झाली. अम्मी चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारपणात तिला दुसरं काही गोड लागत नव्हतं, पण सणसरच्या त्या उसातल्या गोष्टी ती तासन्‌तास सांगायची. काकू काय बोलल्या, आपण काय बोललो, कशावरून हसून हसून पोट दुखलं. मी उशाशी बसून ऐकलं आणि ती गेल्यावर लिहून काढलं. आधीच्या पाच पटकथा मी डोक्यानं लिहिल्या होत्या. ही लिहिताना वहीवर डोळ्यातलं पाणी पडलं, खोटं कशाला सांगू?

लिहून झाल्यावर तात्यांना सांगायला गेलो. म्हटलं, त्यांच्या घरातलं माणूस आहे, परवानगी घ्यायला हवी. तात्या पंचाहत्तरीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक फोटो घेऊन आले. कुणाच्या तरी लग्नातला, पंचवीस-तीस माणसांचा. त्यात एका बाईनं ऐन वेळी मान वळवलेली, नुसता पदर आणि कान दिसतोय.

"ही हौसा," तात्या म्हणाले. "येवढाच हाय. दुसरा न्हाय."

मी फोटो परत त्यांच्या हातात दिला. मग तात्या आपणहून बोलले, आणि ते बोलले तसं त्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "आमचं पयलं पोर गेलं, पाळण्यातलं. तवा मी हौसाशी म्हैनाभर बोललो न्हवतो. राग न्हवता रं. तोंडातनं शबुदच फुटंना. ती काय समजली आसंल, देव जाणे. पुढं सौंसार झाला, समदं झालं, पर ती गोष्ट दोघांनी कंदी काढली न्हाय. तुज्या अम्मीपाशी बोलली आसंल ती. बोलली का रं?"

"बोलल्या होत्या," मी म्हणालो. "पटकथेत आहे ते. वाचून दाखवू?"

त्यांनी एकदम हात वर केला. "नगं. तुज्या तोंडानं नगं. तू पिच्चर काढणार हायेस न्हवं? मग तवा बघतो. तिच्याच तोंडानं ऐकतो."

खरं म्हणजे मी तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण मलाही हाव सुटली. मोठ्या पडद्यावर, अंधारात बसलेल्या तात्यांना ते वाक्य ऐकू येतंय आणि शेजारी मी बसलोय, हे चित्र मला इतकं आवडलं की मी गप्प बसलो.

आणि नवल म्हणजे या पटकथेला उत्तर आलं. गेल्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या एक निर्माते स्वतः गाडी घेऊन आले. मऊ बोलणारा, अदबशीर माणूस. मी त्यांना सणसरला घेऊन गेलो. तात्यांच्या सुनेनं, सारिकावहिनींनी, पिठलं-भाकरी वाढली, ती त्यांनी मांडी घालून चवीनं खाल्ली. मग आम्ही कालव्याकडच्या पट्ट्यात गेलो. अर्धा एकर असेल, दीड वर्षाचा आडसाली ऊस, तोडीला आलेला. वारा आला की पात्यांची सळसळ व्हायची. निर्माते सरीत वाकून आत शिरले, हातांची चौकट करून बघत राहिले आणि म्हणाले, "काय जागा आहे! आपण इथंच शूट करू. महिन्याभरात सगळं कळवतो तुम्हाला." एवढंच बोलले. गाडीत बसले, काच खाली करून हात हलवला आणि गेले.

पुढचं केलं ते मी. त्यांनी ऊस ठेवा असं म्हटलेलं नव्हतं. धुरळा खाली बसायच्या आत मीच तात्यांना म्हणालो, "तात्या, हा पट्टा तोडू नका. शूटिंगला लागणार."

"किती दिस?"

"महिना. फार तर दीड."

आठवड्यानं टोळी आली. बीडकडची माणसं, कोयते, बैलगाड्या, कालव्याच्या कडेला खोपट्या. कारखान्याच्या माणसानं तात्यांच्या रानाची पाळी लावली. एकदा पाळी गेली की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून इथला माणूस तोडीच्या पाळीसाठी पाव्हण्यारावळ्यांची लग्नंसुद्धा सोडतो. तात्यांनी बाकीचं रान तोडू दिलं आणि कालव्याकडच्या पट्ट्याशी आडवे उभे राहिले.

"ह्यो ऱ्हावू द्या."

"तात्या, आवो खुळं लागलं का काय?" कारखान्याचा माणूस म्हणाला. "तुरं यायला लागल्यात. आतनं पोकळ पडंल समदा. पाळी गेली तर मला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत. पिच्चरसाठी ठिवलाय."

झालं! त्या दिवसापासून गावानं त्याला नाव ठेवलं, पिच्चरचा ऊस. पारावर चेष्टा सुरू. "तात्या, हिरवीण कवा येनार?" "आमाला बी ठिवा की एखादा पार्ट!" तात्या मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांना वर्षानुवर्षांत कुणी एवढं चिडवलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडत होतं. एरवी दाढी आठवड्यानं करणारा माणूस, दर दोन दिवसांनी करायला लागला. न जाणो, माणसं आली तर.

महिना झाला, दीड झाला. मी फोन करायचो, वाजून वाजून थांबायचा. मेसेजखाली निळ्या खुणा यायच्या. मनाला समजवायच्या किती तऱ्हा असतात! साहेब परदेशी गेले असतील. पैशाची जुळवाजुळव चालली असेल. नटी तारीख देत नसेल. मी पटकथेतले प्रसंग पुन्हा लिहिले, कुणी मागितले नव्हते तरी. दुकानातली बांगड्यांची सगळी खोकी खाली काढून रंगांनी लावली, मग पुन्हा मापांनी लावली. नसीमनं खाली पडलेल्या काचा गोळा केल्या. आणि दर पंधरा दिवसांनी मी सणसरला जायचो. उसाचे तुरे आता पांढरे फुलले होते. लांबून फार देखणे दिसायचे. जवळ गेलं की पाती वाळून कडकडीत झालेली कळायची.

"काय म्हंत्यात?" तात्या विचारायचे.

"बोलणं चाललंय, तात्या."

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी न राहवून निर्मात्यांच्या ऑफिसच्या नंबरावर फोन केला. दुकानात एक नवरी आणि तिची आई लग्नाचा चुडा बघत होत्या, त्यांना थांबा म्हणून बाहेर फुटपाथवर आलो. एका मुलीनं फोन घेतला. नवीन असावी. तिनं कागद चाळले आणि म्हणाली, "तो विषय सरांनी डिसेंबरातच सोडला. आता वेगळं करतायत ते. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?" तिचा आवाज इतका चांगला होता की मला तिच्यावर रागावताही येईना. मी 'बरं, बरं, काही हरकत नाही' म्हणालो. हरकत नाही! मग आत येऊन त्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला. भरताना एक बांगडी तिच्या मनगटावर तडकली. तिची आई घाबरली. मी म्हणालो, "वाढली, ताई, वाढली. काही होत नाही." आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कधी म्हणायचं नसतं.

आणि गिऱ्हाइकाला 'नाही' असंही कधी म्हणायचं नसतं. अब्बांची शिकवण. हवा तो रंग नसला तरी 'नाही' म्हणायचं नाही, 'माल येतोय, दोन दिवसांनी चक्कर मारा' म्हणायचं. म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही आणि त्याचं मनही मोडत नाही. बत्तीस वर्षं माझ्या जिभेला हे वळण. शिमगा झाल्यावर मी सणसरला गेलो ते तात्यांना खरं सांगायचंच ठरवून. एस.टी.त वाक्यं जुळवली होती. तात्या ओट्यावर बसले होते, दाढी केलेली. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "थोडा उशीर लागेल म्हणतायत."

त्यानंतर प्रत्येक वेळी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. कारखान्याचा भोंगा बंद झाला, टोळ्या आपापल्या मुलखाला गेल्या, शिवारात एवढा एकच पट्टा उभा. उन्हाळ्यात त्याचं पाचट झालं. पावसाळ्यात तो लोळला, कांड्यांचे डोळे फुटले, खालून कुजला. मी मात्र त्या निर्मात्याला मनातल्या मनात शिव्या देण्यात मग्न होतो. काय माणूस आहे! एक फोन करता येत नाही? तात्यांच्या घरी मांडी घालून जेवला आणि साधं माणुसकीचं एक वाक्य नाही? नसीमला हे मी दिवसातून चारदा ऐकवायचो. ती एकदाच म्हणाली, "आणि तात्यांचं काय?" मी तिच्यावर ओरडलो.

परवा सारिकावहिनींचा फोन आला. "अस्लमभाऊ, गेल्या साली तोडल्या रानात खोडवा फुटलाय, त्याला टोळी आलीया. त्यो कालव्याकडचा पट्टा आता जाळून मोकळा करा म्हंत्यात. सापं निघायला लागल्यात तिथनं, पोरं त्याच वाटंनं शाळंला जात्यात. पर तात्यामामा कुणाला हात लावू देईनात. अस्लम सांगंल तवाच, म्हंत्यात. तुमी एकदा या ना."

काल सकाळी गेलो. दहाचं ऊन, धुकं नुकतंच विरलेलं. तात्या बांधावर बसले होते. वर्षभरात खूप वाकलेत. त्यांच्या मागं तो ऊस होता. ऊस कसला, काळपट काड्यांचा ढीग नुसता. टोळीतला एक जण काडेपेटी खिशात घालून लांब उभा होता. मी तात्यांच्या शेजारी बसलो आणि या वेळी एका दमात बोललो, कारण थांबलो असतो तर पुन्हा जीभ वळली असती.

"तात्या, पिच्चर होणार नाही. त्यांनी सोडून दिला."

तात्यांनी मान हलवली. पुढच्या रानातली तोड बघतच त्यांनी विचारलं,

"कवा कळलं तुला?"

खोटं सांगता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता. "शिमग्याला," मी म्हणालो.

"शिमग्याला." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मंग तुमच्या ईदला डबा घिऊन आलतास. बेंदराला आलतास. गौरीला सारिकाला बांगड्या भराय आलतास. दिवाळीला आलतास." प्रत्येक सणाला त्यांचा आवाज आणखी हळू होत गेला. "दर येळंला मी इचारलं तुला. आन तू च्या पिऊन गेलास."

मला इतकी लाज वाटली की उठून पळून जावंसं वाटलं. वर्षभर ज्या माणसाला मी शिव्या घालत होतो, तो निदान फक्त गप्प बसला होता. मी तर दर सणाला येऊन खोटं बोललो होतो. मग मला वाटलं, एक गोष्ट अजून माझ्याकडं आहे, ती तरी द्यावी. पडदा नाही, नटी नाही, पण वाक्य तर आहे. अम्मीनं सांगितलेलं, जसंच्या तसं.

"तात्या, बाळ गेलं तेव्हाचं. काकू अम्मीला म्हणाल्या होत्या, 'त्यास्नी बोलाय येत न्हाय गं. पर रोज पहाटं माज्या आधी उठून पानी भरून ठिवत्यात. घागरी बघितल्या की मला कळतं.' असंच म्हणाल्या होत्या. त्यांना राग नव्हता. कधीच नव्हता."

तात्या माझ्याकडं वळले. डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं की वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो ते हेच, असं मला वाटलं. मग हळूहळू ते मावळलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं.

"हे खरंच हौसा बोलली हुती," त्यांनी विचारलं, "का ह्ये बी आपलं मला बरं वाटावं म्हून?"

"अम्मीची शपथ, तात्या!"

"बरं," ते म्हणाले. माझ्या पाठीवर हात ठेवून, त्याचा आधार घेत ते उठले, आणि काडेपेटीवाल्याकडं बघून त्यांनी मान हलवली.